गृहकर्ज मुदतीआधी फेडायचं तर: हप्ता तोच, मुदत कमी

तुमचा प्रश्न असा आहे. पिंपळे सौदागरला टू बीएचके घेतलात. कर्ज ४० लाखांचं, मुदत २० वर्षं, व्याजदर बदलता आणि सध्या ८.५० टक्के, हप्ता ३४,७१३ रुपये. नुकतंच एक वर्ष पूर्ण झालं. दोघांचा मिळून हातात येणारा पगार एक लाख वीस हजार, घरखर्च आणि मुलीची शाळा धरून पंचेचाळीस हजार, बँकेत ५ लाखांची एफडी, आणि वर्षाकाठी दोघांचा मिळून दोन लाखांच्या आसपास बोनस. सासरे म्हणतात, एफडी मोडा आणि कर्जात घाला, डोक्यावर कर्ज नको. ऑफिसमधले सहकारी म्हणतात, गृहकर्जाइतकं स्वस्त कर्ज दुसरं नाही, ते सावकाश फेडा आणि हातातले पैसे एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडाच्या दरमहा हप्त्यांत टाका. तुम्हाला दोघांचंही पटतंय, त्यामुळे काहीच ठरत नाही आणि बोनस बचत खात्यात पडून आहे.

बँकेच्या गृहकर्ज विभागात माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली आणि आता मी कर्जदारांच्या बाजूनं बसून हेच हिशेब करून देते, म्हणून उत्तर आधी सांगते. एफडी मोडू नका. बोनसमधला एक लाख दरवर्षी मुद्दलात भरा. पगारवाढ झाली की हप्ता पाच टक्क्यांनी वाढवून घ्या. आणि दोन्ही वेळा बँकेला लेखी कळवा की तुम्हाला मुदत कमी करून हवी आहे. व्याजदर आहे तोच धरला आणि हे नेटानं केलंत, तर कर्ज घेतल्यापासून दहा वर्षांत ते नील होतं, म्हणजे पूर्ण फिटतं. एकूण व्याज ४३ लाख ३१ हजारांऐवजी २१ लाखांच्या थोडं वर जातं. म्हणजे बावीस लाखांच्या आसपास रक्कम तुमच्याकडेच राहते.

हे आकडे कुठून आले ते समजून घ्या, कारण एकदा ते समजलं की पुढचे निर्णय तुम्हाला कोणाला विचारावे लागणार नाहीत.

तुमचं वर्षभराचं स्टेटमेंट समोर ठेवा. पहिल्या हप्त्यातल्या ३४,७१३ पैकी २८,३३३ रुपये व्याजात गेले आणि मुद्दलात फक्त ६,३८०. वर्षभरात तुम्ही ४ लाख १६ हजारांहून जास्त भरलेत, पण कर्ज उतरलं जेमतेम ८० हजारांनी. आज बाकी ३९ लाख २० हजारांच्या आसपास दिसत असेल. असंच चालू ठेवलं तर बरोबर अर्धी मुदत संपेल तेव्हा, म्हणजे १२० हप्ते भरून झाल्यावरही, सुमारे २८ लाख बाकी असतील. लोकांना हे पहिल्यांदा कळतं तेव्हा बँकेनं फसवलं असं वाटतं. फसवणूक यात काही नाही. व्याज शिल्लक मुद्दलावर लागतं, सुरुवातीला मुद्दल मोठं असतं, म्हणून हप्त्यातला मोठा वाटा व्याज खातं. पण याच कारणामुळे सुरुवातीला जास्तीचा भरलेला रुपया फार मोठं काम करतो. तो पूर्णच्या पूर्ण मुद्दलात जातो आणि त्याच्यावरचं पुढच्या सगळ्या वर्षांचं व्याज तिथेच थांबतं.

आता समजा, आज तुम्ही २ लाख रुपये मुद्दलात भरलेत आणि हप्ता तोच ठेवलात. पुढच्या महिन्याचं व्याज २७,७६९ वरून २६,३५३ वर येईल आणि मुद्दलात ६,९४४ ऐवजी ८,३६० जातील. फरक चौदाशे रुपयांचा दिसतो, पण तो दर महिन्याला वाढत जातो. उरलेले २२८ हप्ते २०२ वर येतात. दोन लाखांत सव्वीस हप्ते वाचले. दोन लाख वजा केले तरी निव्वळ सात लाखांहून जास्त व्याज वाचलं. हेच दोन लाख दहा वर्षं झाल्यावर भरलेत तर तेरा हप्ते वाचतील आणि व्याजात बचत होईल अडीच लाखांच्या आसपास. रक्कम तीच, पण नऊ वर्षांच्या उशिरानं तिचा परिणाम एकतृतीयांश राहतो. म्हणून 'मुलीचं शिक्षण झालं की कर्जाकडे बघू' असं म्हणणाऱ्यांना मी हा हिशेब आधी दाखवते. कर्जाकडे बघायची वेळ पहिल्या पाच-सात वर्षांत असते.

इथे सगळ्यांत जास्त लोक अडकतात ती गोष्ट आता सांगते. तुम्ही दोन लाख भरता, बँक ते जमा करून घेते, आणि पुढच्या महिन्यात हप्ता ३४,७१३ ऐवजी ३२,९४२ कापला जातो. घरात आनंद होतो, हप्ता कमी झाला म्हणून. पण मुदत तशीच राहिली. २२८ हप्ते, प्रत्येकात १,७७१ रुपयांची सवलत, एकूण ४ लाख ४ हजार. त्यातले दोन लाख तुमचेच. निव्वळ बचत दोन लाखांची, जिथे ती सात लाखांची होऊ शकली असती. कारण उघड आहे: सुटलेले सतराशे रुपये महिन्याच्या खर्चात विरघळून जातात. तेच सतराशे रुपये दर महिन्याला परत मुद्दलात भरणारं घर मी फार क्वचित पाहिलं आहे.

म्हणून पैसे भरताना अर्जात स्पष्ट वाक्य लिहा: 'ही रक्कम मुद्दलात जमा करावी, मासिक हप्ता कायम ठेवावा व परतफेडीची मुदत कमी करावी.' काही ठिकाणी नेट बँकिंगमध्येच हा पर्याय विचारतात, तिथे नीट वाचून निवडा. कर्ज खात्यात नुसते पैसे पाठवून थांबू नका. काही संस्थांमध्ये ती रक्कम पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ म्हणून पडून राहते आणि मुद्दल एका रुपयानंही कमी होत नाही. आठवड्यानं परतफेडीचं नवीन वेळापत्रक मागा आणि त्यात तीन गोष्टी बघा: बाकी मुद्दल तेवढंच उतरलं का, हप्ता तोच आहे का, आणि शेवटच्या हप्त्याची तारीख अलीकडे आली का. तिसरी गोष्ट दिसली नाही तर त्याच दिवशी शाखेत जा.

हे सगळं करायला दंड लागतो अशी भीती अजूनही बऱ्याच लोकांच्या मनात आहे, विशेषतः ज्यांनी २०१० च्या आधी कर्जं घेतली होती त्यांच्या. तुमच्या सासऱ्यांच्या काळात खरोखरच मुदतपूर्व फेडीवर टक्का-दोन टक्के कापले जायचे. रिझर्व्ह बँकेनं २०१२ मध्ये बदलत्या दराच्या गृहकर्जांवर बँकांना हा आकार घ्यायला मनाई केली. २०२५ च्या जुलैत आणखी सविस्तर निर्देश आले. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांसाठी ते लागू आहेत. व्यक्तीनं धंद्याव्यतिरिक्त कारणासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा आकार घेता येत नाही, मग पैसे स्वतःचे असोत की दुसऱ्या बँकेचे, आणि अमुक महिने थांबा अशी अटही घालता येत नाही. तुमचं कर्ज बदलत्या दराचं आहे, त्यामुळे निश्चिंत राहा. स्थिर दराचं असेल त्यांनी मात्र मंजुरीपत्र काढून आकाराचं कलम वाचावं. आणि पगारदारांच्या पतसंस्थेतून कर्ज घेतलेल्यांनी हे लक्षात ठेवावं की पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, रिझर्व्ह बँकेचे हे नियम तिथे चालत नाहीत. तिथे उपविधी आणि कर्जरोखा पाहायचा.

आता एफडीचं. सासऱ्यांचं म्हणणं गणितानं चुकीचं नाही. एफडीवर सात टक्के मिळत असतील आणि तुम्ही तीस टक्क्यांच्या करात असाल, तर हातात पाच टक्केही पडत नाहीत. दुसऱ्या हातानं तुम्ही साडेआठ टक्के देताय. आपल्याकडे कितीतरी घरांत आठ-दहा लाखांच्या एफडी आणि तीस लाखांचं कर्ज शेजारी शेजारी सुखानं नांदत असतात, आणि तिथे मी स्वतः एफडी मोडायला सांगते. पण तुमची एफडी ५ लाखांचीच आहे. घरखर्च पंचेचाळीस हजार आणि हप्ता पस्तीस हजार, म्हणजे महिन्याला ऐंशी हजार. सहा महिन्यांचे झाले ४ लाख ८० हजार. ही एफडी म्हणजे तुमची अडीअडचणीची गंगाजळी आहे. तेवढीच आहे, जास्त नाही. दोघंही खासगी नोकरीत आहात. एकाची नोकरी चार महिने गेली तर बँक म्हणणार नाही की मागे तुम्ही पाच लाख जास्त भरलेत म्हणून आता थांबा. कर्जात गेलेला पैसा परत मागता येत नाही. त्या वेळी मग क्रेडिट कार्ड निघतं, वर्षाला छत्तीस ते बेचाळीस टक्क्यांनी, नाहीतर घाईघाईत वैयक्तिक कर्ज. साडेआठ टक्के वाचवायला गेलो आणि चाळीस टक्क्यांच्या दारात उभे राहिलो, अशी घरं मी पाहिली आहेत, आणि ती माणसं हिशेबी होती, उधळी नव्हती.

पैसे अडकून पडायची ज्यांना फार चिंता वाटते त्यांच्यासाठी ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज असतं. स्टेट बँकेचं मॅक्सगेन हे त्यातलं जुनं नाव. जास्तीचे पैसे त्या खात्यात ठेवायचे, तेवढ्यावरचं व्याज थांबतं, आणि गरज पडली तर काढून घ्यायचे. दर सहसा थोडा जास्त असतो. ज्यांच्याकडे मोठी रक्कम सतत पडून असते, विशेषतः ज्यांचं उत्पन्न एकदम येतं आणि हळूहळू खर्च होतं, त्यांना ते फायद्याचं पडतं. हातात पैसा दिसला की तो काढायचा मोह होणाऱ्यांनी तिकडे जाऊ नये. तुम्हाला साधं कर्ज आणि बाजूला एफडी एवढं पुरे.

गंगाजळीच्याही आधी एक काम आहे आणि तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही म्हणून मला काळजी वाटते. तुम्हा दोघांचा टर्म इन्शुरन्स आहे का? आरोग्य विमा फक्त नोकरीच्या ठिकाणचाच आहे की स्वतःचाही? हप्ता दोघांच्या पगारावर उभा आहे. दोघांपैकी एक नसेल तर उरलेल्यानं घर आणि मुलगी दोन्ही एका पगारात सांभाळायची आहेत. या वर्षीच्या बोनसमधला पहिला खर्च या विम्याचा. कर्ज घेताना बँकेनं एकरकमी हप्त्याचा कर्जसंरक्षण विमा गळ्यात घातला असेल तर त्याची पॉलिसी शोधून काढा. त्यातलं संरक्षण बहुधा कर्जाबरोबर कमी कमी होत जातं, म्हणून त्यावर विसंबू नका. पण कर्ज लवकर नील झालं की अशा अनेक पॉलिसींमध्ये उरलेल्या मुदतीचे काही पैसे परत मिळतात. ते आपणहून कोणी देत नाही, अर्ज करावा लागतो.

आता सहकाऱ्यांचा एसआयपीचा मुद्दा. शेअर बाजार दीर्घ मुदतीत बारा टक्के देतो, कर्ज साडेआठ टक्क्यांचं, मग फेडायचं कशाला, असा तो हिशेब. बारा टक्के मिळूही शकतात. पण एका बाजूला मिळेल अशी आशा असलेला परतावा आहे आणि दुसऱ्या बाजूला नक्की वाचणारं व्याज आहे. साडेआठ टक्के, करमुक्त, कोणतीही जोखीम न घेता देणारी दुसरी गुंतवणूक मला दाखवा. पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्क्यांवर आहे. जवळपास पोचतो तो भविष्यनिर्वाह निधी, ज्याचा दर २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी ८.२५ टक्के होता. म्हणूनच कर्ज फेडायला पीएफ काढू नका असंही मी सांगते: तिथे जवळपास तेवढंच मिळतंय आणि तो तुमचा म्हातारपणचा पैसा आहे.

आणखी एक गोष्ट मी माणसांत पाहिली आहे. 'कर्ज फेडत नाही, एसआयपी करतो' म्हणणाऱ्या बऱ्याच जणांची एसआयपी बाजार पडला की बंद होते. हप्ता मात्र बंद होत नाही. ज्यांना बाजाराच्या चढउतारात दहा वर्षं शांत राहता येतं त्यांनी एसआयपीला जास्त वाटा द्यावा. तुमच्यासाठी मी निम्मंनिम्मं सुचवते, म्हणजे बोनसचा एक लाख कर्जात आणि विम्याचे पैसे जाऊन उरेल ते मुलीच्या नावाच्या गुंतवणुकीत. वय ३४ आहे, सगळाच पैसा घराच्या भिंतींत घालणंही बरोबर नाही. निवृत्तीच्या वेळी नील झालेलं घर असतं पण महिन्याचा किराणा भरायला पैसा नसतो, असेही लोक माझ्याकडे येतात.

कराचा मुद्दा तुमच्या सहकाऱ्यांनी काढला असेलच: व्याजावर करसवलत मिळते, मग कर्ज कशाला कमी करायचं? आधी बघा, तुम्ही कोणत्या करप्रणालीत आहात. नव्या प्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वजावट मिळत नाही. मग तो मुद्दाच संपला. जुन्या प्रणालीत असाल तर वर्षाला जास्तीत जास्त २ लाखांच्या व्याजावर वजावट मिळते. आता उलटा हिशेब करा. साडेआठ टक्के दरानं दोन लाख व्याज होतं ते साडेतेवीस लाखांच्या बाकीवर. तुमची बाकी ३९ लाख आहे. म्हणजे घर आणि कर्ज तुमच्या एकटीच्या नावावर असेल तर वरच्या पंधरा-सोळा लाखांवरच्या व्याजाला सवलत लागूच नाही, ते बिनधास्त फेडा. घर आणि कर्ज दोन्ही दोघांच्या नावावर असेल आणि दोघंही जुन्या प्रणालीत असाल, तर प्रत्येकाला आपापल्या हिश्शानुसार दोन-दोन लाखांपर्यंत मर्यादा मिळते. तेव्हा सगळंच व्याज सवलतीत बसतं आणि तीस टक्क्यांच्या करदात्याला कर्ज प्रत्यक्षात सहा टक्क्यांच्या आतबाहेर पडतं. तेव्हा एसआयपीचं पारडं थोडं जड होतं हे मान्य. तरीही फक्त कर वाचवायला कर्ज ठेवू नका. एक रुपया व्याज देऊन एकतीस पैसे कर वाचवायचा, तर एकोणसत्तर पैसे गेलेच ना.

आता हप्ता वाढवण्याबद्दल, कारण माझ्या मते तुमच्या बेतातलं खरं बळ तिथे आहे. बोनस एखाद्या वर्षी येतो, एखाद्या वर्षी येत नाही. पगारवाढ मात्र थोडीफार होतेच. एकही रुपया एकरकमी न भरता, फक्त दरवर्षी हप्ता पाच टक्क्यांनी वाढवलात, तर तुमचं वीस वर्षांचं कर्ज सव्वाबारा वर्षांत फिटतं आणि साडेपंधरा लाखांच्या आसपास व्याज वाचतं. पहिली वाढ सतराशे रुपयांची. दहाव्या वर्षी हप्ता चोपन्न हजारांच्या जवळ जातो, आज तो आकडा मोठा वाटेल, पण तोपर्यंत पगारही तिथे राहिलेला नसेल. तेही जड वाटत असेल तर वर्षाला फक्त एक जादा हप्ता भरा. त्यानंही सव्वातीन वर्षं आणि सव्वाआठ लाख वाचतात. हप्ता वाढवायला बँकेत अर्ज आणि नवीन ऑटोडेबिटची संमती लागते. काही ठिकाणी कुरकुर करतात. तसं झालं तर हप्ता तसाच ठेवून वाढीची रक्कम दर तिमाहीला मुद्दलात भरत जा, परिणाम जवळपास तोच.

तुमच्या आकड्यांत मला एक जागा रिकामी दिसली. एक लाख वीस हजारांतून हप्ता आणि घरखर्च गेला की चाळीस हजार उरतात. ते कुठे जातात हे तुम्ही लिहिलेलं नाही. कदाचित गाडीचा हप्ता असेल, गावी पैसे पाठवत असाल, कुठे भिशी असेल. ते आधी शोधा. गाडीचं किंवा पतसंस्थेचं कर्ज असेल तर दर बघा. गृहकर्जापेक्षा महाग असेल तर बोनसचा एक लाख आधी तिकडे.

बदलत्या दराविषयीही सांगायला हवं, कारण तुमचं दहा वर्षांचं गणित दर तोच राहील असं धरून केलं आहे आणि दर तोच राहणार नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं उसने पैसे देते तो दर, ४ वरून ६.५० टक्क्यांवर नेला. जानेवारी २०२२ मध्ये पावणेसात टक्क्यांनी चाळीस लाख घेतलेल्या माणसाचा हप्ता ३०,४१५ होता. वर्षभरात त्याचा दर सव्वानऊ टक्क्यांच्या घरात गेला आणि हप्ता तोच राहिला, तर त्यातले मुद्दलाला शे-दोनशे रुपयेच जायला लागले. बाकी सगळं व्याज. हप्ता न वाढवता मुदत गपचूप लांबत गेली, आणि लोकांना पत्ता लागला तो शेवटच्या हप्त्याची तारीख निवृत्तीच्या पलीकडे गेल्यावर. यावरच १८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं. दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय कर्जदाराला द्यायचा, आणि केव्हाही अंशतः किंवा पूर्ण फेड करू द्यायची, असं त्यात आहे. दर वाढल्याचा एसएमएस आला की शांत बसू नका. जमेल तेवढा हप्ता वाढवून घ्या.

दर उतरला की उलटी संधी असते. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या पाच महिन्यांत रेपो ६.५० वरून ५.५० वर आला. अशा वेळी हप्ता कमी करून घेऊ नका. तुमच्या कर्जावर दर साडेआठवरून आठ झाला आणि हप्ता ३४,७१३ च ठेवलात, तर एक रुपयाही जास्त न भरता सतरा महिने कमी होतात. इथे एक बारकी गोष्ट आहे. तुमचा दर म्हणजे रेपो अधिक बँकेचा स्प्रेड, म्हणजे बँक त्यावर लावते ती जादा टक्केवारी. नव्या ग्राहकाला बऱ्याचदा जुन्यापेक्षा कमी स्प्रेड देतात. बँकेच्या संकेतस्थळावर आज नव्या कर्जाचा दर किती आहे ते बघा. तुमच्यापेक्षा पाव-अर्धा टक्का कमी असेल तर दर बदलून मागायचा अर्ज द्या, थोडं शुल्क लागतं. नाही म्हणाले तर दुसऱ्या बँकेत कर्ज हलवण्याचा विचार करा, पण प्रक्रिया शुल्क, वकिलाचा शोध अहवाल, गहाणखताचा खर्च धरून. पहिल्या काही वर्षांत असाल तर हा खर्च भरून निघतो, शेवटच्या तीन-चार वर्षांत निघत नाही. कर्ज गृहवित्त कंपनीचं असेल तर तिचा दर रेपोला बांधलेला असेलच असं नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासूनची बाह्य मानदंडाची, म्हणजे दर रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधण्याची सक्ती बँकांवर आहे, गृहवित्त कंपन्यांवर नाही. त्यामुळे तिथले दर उतरायला वेळ लागतो.

बाकी बऱ्यापैकी उतरली की फोन यायला लागतील: 'मॅडम, तुमचा रेकॉर्ड फार चांगला आहे, दहा लाखांचा टॉप-अप मंजूर आहे.' म्हणजे त्याच घरावर आणखी कर्ज. घराच्या नूतनीकरणाला, मुलीच्या शिक्षणाला खरंच लागला तर टॉप-अप वैयक्तिक कर्जापेक्षा स्वस्त पडतो. नाहीतर सहा वर्षं फेडून मोकळं केलेलं घर एका सहीनं परत अडकतं.

शेवटी कर्ज नील करण्याची कागदपत्रं. हे दहा वर्षांनी लागणार असलं तरी आज माहीत असावं, कारण यातले अर्धे कागद आजच जपायचे आहेत. कर्ज घेताना बँकेनं मूळ करारनामा, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), नोंदणीची पावती, बिल्डरची पत्रं असं काय काय घेतलं त्याची यादी बँकेकडून सही-शिक्क्यानिशी मागून ठेवा. मिळाली नसेल तर याच आठवड्यात मागा. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत बँकेनं सगळी मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि बोजा उतरवायचा, आणि तिच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कागद हरवला असेल तर त्याची नक्कल मिळवून देण्याचा खर्चही बँकेनंच करायचा. पण यादीच नसेल तर काय हरवलं हे तुम्ही सांगणार कसं?

त्या दिवशी बँकेतून फक्त 'बाकी नाही' असं पत्र घेऊन आनंदानं घरी येऊ नका. न वापरलेले सही केलेले चेक परत घ्या, ऑटोडेबिट रद्द करून घ्या, सर्साईवरची (गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीतली) नोंद बंद झाल्याचं विचारा. गहाणखत नोंदणीकृत असेल तर त्याच्या मुक्ततेचा दस्तही नोंदवावा लागतो. सोसायटीच्या दप्तरात बँकेचा बोजा नोंदलेला असतो, तिथे पत्र देऊन तो काढून घ्या आणि भागप्रमाणपत्र बघून घ्या. स्वतंत्र घर किंवा प्लॉट असलेल्यांनी सातबाऱ्याच्या इतर हक्कात किंवा मिळकत पत्रिकेवर बोजा चढला आहे का ते पाहून तो उतरवण्याचा अर्ज करावा. दोन-तीन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढा, खातं बंद दिसलं पाहिजे. कर्ज केव्हाच फिटलं आणि पंधरा वर्षांनी घर विकायला काढल्यावर बोजा तसाच सापडला, तोवर ती शाखाच दुसऱ्या बँकेत विलीन झाली, असं होतं आणि मग म्हातारपणी हेलपाटे पडतात.

आता तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्यात: मंजुरीपत्रातला स्प्रेड किती आहे, घर आणि कर्ज कोणाकोणाच्या नावावर आहे, आणि ते चाळीस हजार कुठे जातात. पहिल्यावर दर कमी करून मागायचा अर्ज करायचा की नाही ते ठरेल, दुसऱ्यावर करप्रणालीचं. तिसरं कळेपर्यंत बोनस बचत खात्यात ठेवू नका. टर्म इन्शुरन्सचे अर्ज भरा, गृहकर्जापेक्षा महाग दुसरं कर्ज नसेल तर एक लाखाचा चेक मुद्दलात जमा करायला द्या, आणि अर्जाच्या प्रतीवर शाखेचा पोचशिक्का घेऊन या.